रीमॅपने जुन्या गाडीची गेलेली ताकद परत येत नाही

ईसीयू, म्हणजे इंजिन नियंत्रित करणारा छोटा संगणक, रीमॅप केला, म्हणजे त्यातली सॉफ्टवेअरची सेटिंग्ज बदलली, की लाख-दीड लाख किलोमीटर धावलेली गाडी नव्यासारखी ओढते, हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे, पण तो चुकीचा आहे. ईसीयू इंधन किती आणि कोणत्या क्षणी सोडायचे, टर्बोचा (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) दाब किती ठेवायचा, अशा गोष्टी ठरवतो. झिजलेल्या पिस्टन रिंगांमुळे गळणारे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाऊन तयार होणारा दाब) त्याला भरून काढता येत नाही. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात हवा मर्यादितच शिरत असल्याने रीमॅपमधून पदरी फारसे पडत नाही. कार्ब्युरेटरच्या जुन्या मारुती 800 मध्ये तर रीमॅप करायला ईसीयूच नसतो.

टर्बो डिझेलमध्ये फरक खरोखर जाणवतो, आणि धोकाही तिथेच आहे. स्विफ्टच्या 1.3 लिटर डिझेल इंजिनाचा मूळचा 190 न्यूटन-मीटर टॉर्क (चाके फिरवणारी पिळाची ताकद) पेलून थकलेला क्लच रीमॅपने वाढलेल्या टॉर्कखाली घसरू लागतो: चौथ्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचे फेरे वाढतात, गाडीचा वेग मात्र वाढत नाही. म्हणून आधी कॉम्प्रेशन, इंजेक्टर आणि टर्बोचे होज तपासावेत, एअर फिल्टर बदलावा, धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह साफ करून घ्यावा. हरवलेली ओढ अनेकदा एवढ्यानेच परत मिळते. त्यानंतर क्लचही धड असेल, तरच माफक रीमॅपवर पैसे घालणे माझ्या मते रास्त आहे.