सर छोटूराम

छोटूराम, सर : (२४ नोव्हेंबर १८८१ – ९ जानेवारी १९४५). अविभाजित पंजाबच्या कायदेमंडळातील शेतकऱ्यांचे पुढारी, युनियनिस्ट पक्षाचे एक संस्थापक आणि प्रांतिक सरकारातील मंत्री. सावकारी आणि बाजार यांना वेसण घालणारे कायदे हे त्यांचे मुख्य काम. सत्याग्रह, तुरुंगवास, मोर्चे यांपैकी काही त्यांच्या वाट्याला आले नाही; त्यांनी जे मिळवले ते सभागृहात बसून, कलमागून कलम लढवून मिळवले. ‘दीनबंधू’ आणि ‘रहबर-ए-आझम’ या बिरुदांनी ते हरियाणात व पंजाबात ओळखले जातात.

त्यांच्याविषयी वाचताना मराठी वाचकाला एक शब्द हमखास चकवतो, तो म्हणजे ‘जमीनदार’. आपल्याकडे जमीनदार म्हणजे गढीत राहणारा बडा मालक. पंजाबात मात्र चार-पाच एकर स्वतः कसणाराही जमीनदारच. छोटूरामांची ‘जमींदारा लीग’ अशा कसणाऱ्यांची होती.

त्यांचा जन्म तेव्हाच्या रोहतक जिल्ह्यातील गढी सांपला या गावी, कर्जात बुडालेल्या जाट कुटुंबात झाला. पाळण्यातले नाव वेगळेच होते. घरात सर्वांत धाकटे म्हणून ‘छोटू’ म्हणत, तेच शाळेच्या दप्तरात गेले आणि कायम राहिले. त्यांच्या चरित्रांत एक प्रसंग आवर्जून येतो. पुढच्या शिक्षणासाठी पैसे हवेत म्हणून वडील सुखीराम मुलाला घेऊन सांपल्याच्या सावकाराकडे गेले. उन्हाळ्याचे दिवस होते. सावकाराचा स्वतःचा मुलगा शेजारी बसलेला असताना त्याने छताच्या पंख्याची दोरी सुखीरामांपुढे टाकली आणि ओढायला सांगितले. छोटूराम तिथल्या तिथे उसळले : तुमचा तरणा मुलगा बसून आहे आणि माझ्या म्हाताऱ्या बापाला पंखा ओढायला लावता? पुढे विधेयकांवर बोलताना त्यांच्या शब्दांना जी धार येई, तिची मुळे त्या ओसरीवर आहेत असे मला वाटते.

दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयातून ते १९०५ मध्ये पदवीधर झाले. काही काळ त्यांनी संयुक्त प्रांतातील कालाकांकर येथे राजा रामपाल सिंह यांच्या पदरी नोकरी केली. १९११ मध्ये आग्र्याला कायद्याची पदवी घेऊन पुढे ते रोहतकला वकिली करू लागले. तिथे त्यांनी १९१३ मध्ये जाट मुलांसाठी शाळा उभी केली आणि १९१६ पासून ‘जाट गॅझेट’ हे उर्दू साप्ताहिक चालवले. पक्षकार बहुतेक कुळवाडी आणि समोर सावकाराची बही, त्यामुळे कर्ज फुगते कसे हे त्यांनी अस्सल कागदांवर बोट ठेवून पाहिले होते.

रोहतक जिल्हा काँग्रेसचे ते १९१६ ते १९२० अध्यक्ष होते. असहकार पुकारल्यावर त्यांनी काँग्रेस सोडली. शेतसारा थकवला तर सरकार जमीन जप्त करेल आणि ती लिलावात सावकाराच्याच घशात जाईल, ही त्यांची भीती होती. १९२३ मध्ये ते पंजाब विधान परिषदेवर निवडून आले आणि त्याच वर्षी फझली हुसेन यांच्यासह युनियनिस्ट पक्ष उभा राहिला. हिंदू, मुसलमान, शीख शेतकऱ्यांचा हितसंबंध एकच, या पायावर बांधलेला हा पक्ष होता. १९२४ ते १९२६ ते कृषिमंत्री होते. १९३७ च्या निवडणुकीत १७५ जागांच्या सभागृहात पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले. सिकंदर हयात खान पंतप्रधान झाले (प्रांताच्या प्रमुखाला तेव्हा हेच पदनाम होते) आणि छोटूराम मंत्री. ‘सर’ ही पदवीही त्याच वर्षी मिळाली.

पंजाबात १९०० चा जमीन हस्तांतर कायदा आधीपासून होता. बिगरशेतकरी जमातींना शेतजमीन विकण्यावर त्याने बंदी घातली होती. आपल्याकडे १८७५ मध्ये सुप्यापासून दंगे पेटले, शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली आणि १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी आला. पंजाबचा कायदा त्याहून कडक. तरी वाटा निघाल्याच. सावकार एखाद्या शेतकऱ्याला पुढे करून बेनामी जमीन घेई. शिवाय कायदा लागू होण्यापूर्वीची गहाणखते तशीच राहिली होती.

या दोन्ही वाटा १९३८ मध्ये बुजवण्यात आल्या. बेनामी व्यवहार रद्द ठरले. गहाण जमिनी परत करण्याच्या कायद्याने ८ जून १९०१ पूर्वी गहाण पडलेल्या जमिनी सोडवण्याचा मार्ग खुला केला. शेतकऱ्याने कलेक्टरकडे अर्ज करायचा. सावकाराने इतक्या वर्षांत पिकातून मुद्दलाच्या दुप्पट उचलले असेल तर जमीन काही न देता परत. दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या नाहीत, वकिलाची फी नाही. आज्याने गहाण टाकलेले रान नातवाच्या हाती येणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला सांगावे लागत नाही. दामदुपटीचे हेच तत्त्व १९३४ च्या कर्जनिवारण कायद्यात होते; तडजोडीसाठी कर्ज सलोखा मंडळेही त्यानेच आणली. सावकारांना नोंदणी सक्तीची झाली. परवाना नसेल तर वसुलीचा दावाच लावता येत नसे.

१९३९ चा मंडी कायदा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गाडी मंडीत शिरली की आडत, तोलाई, हमाली, धर्मादाय अशा नाना नावांनी कपात सुरू होई. वजनात मारले जाई ते वेगळेच. रुपयाच्या मालामागे शेतकऱ्याच्या पदरात साठ टक्केच पडतात, असा छोटूरामांचा हिशेब होता. नव्या कायद्याने आडत्यांना परवाने आणि वजनमापांना तपासणी लावली, कपाती ठरवून दिल्या आणि बाजार समितीत दोन तृतीयांश जागा शेतकऱ्यांना दिल्या. विरोधकांना सर्वांत जास्त झोंबले ते हेच : दोन धेल्यांचा जाट लखपती लालाच्या मांडीला मांडी लावून बसणार! नियंत्रित बाजाराची कल्पना वऱ्हाडात जुनी होती. कारंज्याचा कापूस बाजार १८८६ चा आणि वऱ्हाडचा बाजार कायदा १८९७ चा. शेतकऱ्याला समितीत बहुमत देणे ही पंजाबची धिटाई होती.

हे कायदे शेतकऱ्यांना ‘सुनहरी’, व्यापाऱ्यांना ‘काळे’. त्यांच्यातली खरी उणीव वेगळीच होती. ‘शेतकरी’ कोण हे जातीजमातीच्या यादीवरून ठरे. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबणारा दलित शेतमजूर त्या यादीत नव्हता, म्हणून जमीन घेण्याची वाट त्याला बंदच राहिली. बिगरशेतकरी सावकार मागे हटला तशी त्याची जागा काही ठिकाणी मोठ्या शेतकऱ्यानेच घेतली. छोटूरामांच्या गौरवात ही बाजू वगळणे अन्यायाचे होईल.

गरीब शेतकऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी निधी उभा केला. झंगचा अब्दुस सलाम हा विद्यार्थी १९४६ मध्ये केंब्रिजला गेला तो याच निधीच्या शिष्यवृत्तीवर. १९७९ मध्ये त्याला भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. सतलजवरील भाक्रा धरणासाठी बिलासपूर संस्थानाशी करार झाला तो नोव्हेंबर १९४४ मध्ये, छोटूराम महसूलमंत्री असताना.

पाकिस्तानच्या मागणीला त्यांचा ठाम विरोध होता. मुस्लिम शेतकरी त्यांना आपला मानत, त्यामुळे मुस्लिम लीगला पंजाबात पाय रोवणे त्यांच्या हयातीत जड गेले. ९ जानेवारी १९४५ रोजी लाहोरात त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार रोहतकला झाले. १९४६ च्या निवडणुकीत युनियनिस्ट पक्षाची धूळधाण उडाली आणि पुढच्या वर्षी प्रांताचे दोन तुकडे झाले.

गढी सांपला येथे ९ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांच्या ६४ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. तो घडवला धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे शिल्पकार राम सुतार यांनी.