झोल्डबूख खिशात, वेअरपास कचेरीत

दुसऱ्या महायुद्धातल्या 'जर्मन सैनिकाचा पासपोर्ट' असं कुणी लिहिलं की माझं डोकं उठतं. पासपोर्ट कसला? त्या दोन निरनिराळ्या वह्या आहेत, झोल्डबूख आणि वेअरपास. आपल्या हातात यांतली कोणती आहे ते न बघताच लोक 'बिचारा अमुक दिवशी गेला' असा निकाल देऊन मोकळे होतात.

गळ्यातला बिल्ला सगळ्यांना माहीत असतो, म्हणून तो पटकन उरकतो. लंबगोल पत्रा, मधोमध तोडायची खाच. माणूस पडला की खालचा अर्धा तुकडा तोडून घ्यायचा, वरचा देहासोबत ठेवायचा. त्यावर नाव नसतं. पथक असतं, पण ते बिल्ला हाती पडला तेव्हाचं, मरणाच्या वेळचं नव्हे. आणि नुसत्या आयर्न क्रॉसवरून, म्हणजे जर्मन शौर्यपदकावरून, माणूस शोधायला निघाला असाल तर राहू द्या, त्यावर सहसा नाव नसतंच.

आता वह्या. 'झोल्ड' म्हणजे पगार. झोल्डबूख ही सैनिकाची पगाराची वही आणि ओळखपत्रही. ती अंगरख्याच्या खिशात, कायम त्याच्याजवळ. बढत्या, पथकं, मिळालेले बूट-कपडे, टोचलेल्या लशी, इस्पितळातले मुक्काम, रजा, सगळं तीत. वेअरपास म्हणजे लष्करी सेवेचा दाखला. भरतीच्या तपासणीनंतर तो तरुणाला मिळायचा. पलटणीत रुजू झाला की तो जमा करायचा आणि बदल्यात झोल्डबूख घ्यायची. पुढे वेअरपास पथकाच्या कचेरीत पडून. कारकून त्यात प्रशिक्षण, पदकं, कुठल्या लढायांत होता, हे भरत राहायचा.

सगळा घोळ इथेच होतो. सैनिक मेला की कचेरीतल्या वेअरपासमध्ये मृत्यूची नोंद व्हायची आणि तो घरच्यांकडे जायचा. म्हणजे वेअरपास स्वतःच्या मालकाचं मरण सांगू शकतो, कारण तो मालकाजवळ नसतो. झोल्डबूख मालकाच्या छातीशी. मालक पडल्यावर तीत लिहिणार कोण? एखाद्या वहीत कुणी नंतर शेरा मारलाही असेल, पण त्यावर विसंबू नये.

साताऱ्याच्या एका मित्राने फोटो पाठवले. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत, इटलीच्या मोहिमेत होते, त्यांच्या ट्रंकेत एका जर्मन सैनिकाची झोल्डबूख सापडली. मित्राचा निष्कर्ष तयार: 'शेवटची नोंद फेब्रुवारी १९४५ ची, म्हणजे वहीचा मालक तेव्हाच मेला.' अरे बाबा, शेवटची नोंद म्हणजे शेवटचा श्वास नव्हे! फेब्रुवारीत रजा मंजूर झाली, एवढंच ती सांगते. पुढे तो पडला असेल, पकडला गेला असेल. कैद्याचा खिसा झडतीत अनेकदा रिकामा व्हायचा. आणि इटलीतल्या जर्मन फौजांनी मेच्या सुरुवातीला शस्त्रं ठेवली, तेव्हा असंख्य जण वह्यांसकट जिवंत होते.

उलटी चूकही तितकीच होते. वेअरपासमध्ये मरणाची नोंद नाही, म्हणून माणूस सुखरूप घरी आला, असं धरायचं नाही. १९४५ च्या धांदलीत किती कचेऱ्याच जागेवर राहिल्या नव्हत्या.

ओळखायची खूण? मुखपृष्ठावर वहीचं नाव छापलेलं असतं, ते गॉथिक, म्हणजे जुन्या टोकदार जर्मन वळणात असेल तर डोळे बारीक करा. मला फोटो जास्त आवडतो. वेअरपासवर बहुधा कोट-टाय घातलेला, केस चोपून बसवलेला पोरगा दिसतो, कारण फोटो भरतीच्या वेळचा. झोल्डबुखात फोटो असलाच तर तोच गणवेशात. रक्ताचे डाग आणि गोळीचं भोक असलेली वही विक्रेता मोठ्या कौतुकाने पुढे करतो. मी तरी अशी विकत घेणार नाही. डागाने किंमत वाढते, पुरावा वाढत नाही.

मग त्या सैनिकाचं पुढे काय झालं, ते शोधायचं कुठे? वहीतून तीन गोष्टी घ्या: पूर्ण नाव, जन्मतारीख, बिल्ल्याचा क्रमांक. फोल्क्सबुंड ही १९१९ ची संस्था जर्मन युद्धकबरी सांभाळते, तिचा शोध ऑनलाइन आहे. तिथे नाव नसणं हा जिवंत असण्याचा पुरावा नाही. बर्लिनच्या ज्या कार्यालयाकडे बिल्ल्यांच्या आणि मृतांच्या नोंदी होत्या, ते २०१९ पासून जर्मन संघीय अभिलेखागारात सामील झालं आहे, तिकडे अर्ज करता येतो. एक सापळा मात्र लक्षात ठेवा: मृत्यूची तारीख ३१ डिसेंबर १९४५ अशी दिसली तर ती बहुधा कोर्टाने बेपत्ता माणसासाठी ठरवलेली असते. त्या दिवशी कुणी लढत नव्हतं.

मित्राला मी पाचवं पान उघडायला सांगितलं. तिथे जवळच्या नातेवाइकांचे पत्ते असतात. बायकोच्या रकान्यात आडवी रेघ, खाली वडिलांचं नाव आणि गाव. वही परत कुठे पाठवायची, ते तिथंच लिहिलेलं होतं.