पॅकेट-गाळणी व राउटिंगचा क्रम

संगणकात येणाऱ्या, त्यातून निघणाऱ्या किंवा त्यातून पलीकडे जाणाऱ्या पॅकेटला (नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याला) फायरवॉलचे नियम कधी लागतात आणि त्याची पुढची वाट कधी ठरते, याचा ऑपरेटिंग सिस्टिमने घालून दिलेला क्रम.

पॅकेट-गाळणीच्या उगमाबाबत एकमत नाही. १९८० च्या सुमारास कार्नेगी मेलन व स्टॅनफर्ड येथे ‘पॅकेट फिल्टर’ आकाराला आला. मोगल, रशीद व ॲसेटा या संशोधकांचा त्यावरील निबंध १९८७ चा. काही जण आरंभ तेथे मानतात. परंतु आलेले पॅकेट योग्य त्या प्रोग्रॅमच्या हवाली करणे एवढेच त्या यंत्रणेचे काम होते, अडवणे नव्हे. पॅकेट सोडायचे की टाकायचे हे गेटवेवर (दोन नेटवर्क जोडणाऱ्या यंत्रावर) ठरवणारा मोगल यांचा ‘स्क्रीनडी’ (१९८९) आजच्या अर्थाला अधिक जवळचा असून आरंभ तेथून धरणे सयुक्तिक वाटते.

लिनक्समध्ये आयपीचेन्स या जुन्या गाळणीच्या काळात (कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, २.२) पलीकडे जाणारे पॅकेट इनपुट, फॉरवर्ड, आउटपुट अशा तिन्ही साखळ्यांतून (नियमांच्या क्रमवार याद्यांतून) जाई. कर्नल २.४ (जानेवारी २००१) मधील नेटफिल्टर या नव्या गाळणीने त्याला एकट्या फॉरवर्डवर आणले. इनपुट उरली ती खुद्द त्या यंत्रासाठी आलेल्या पॅकेटपुरती. बाहेरचे पॅकेट प्रथम प्रीराउटिंग या थांब्यावर येते. पोचण्याचा पत्ता बदलायचा (डीएनएटी) तो तेथेच. राउटिंग टेबल (कोणत्या पत्त्याला कोणती वाट, याचा तक्ता) त्यानंतर पाहिले जाते. पाठवणाऱ्याचा पत्ता बदलतो (एसएनएटी) तो शेवटी, पोस्टराउटिंगमध्ये.

समजा, कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीने नेटची लाइन लिनक्स यंत्रावर घेतली आहे आणि आतला हिशेबाचा सर्व्हर (१९२.१६८.१.१०) उद्यमनगरातल्या शाखेला २०३.०.११३.५ या बाहेरच्या पत्त्यावरून खुला करायचा आहे. पॅकेट फॉरवर्डला पोचते तेव्हा प्रीराउटिंगमधल्या डीएनएटीने त्यावर आतला पत्ता चढलेला असतो. परवानगीच्या नियमात २०३.०.११३.५ लिहिले, तर तो कधीच जुळत नाही. इनपुटमध्ये लिहून तर काहीच साधत नाही, कारण पॅकेट तिकडे फिरकतच नाही. पाठवणारा पत्ता मात्र शाखेचाच असतो, म्हणून बाकीच्यांना मज्जाव फॉरवर्डमध्येच करता येतो. परतीच्या पॅकेटसाठी पत्ताबदलाचा वेगळा नियम लागत नाही. कनेक्शन ट्रॅकिंगमध्ये (चालू जोडण्यांवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेत) पहिल्या पॅकेटची नोंद असते.

यंत्रातच तयार झालेल्या पॅकेटचा क्रम उलटा : आधी राउटिंग, मग आउटपुट. तेथे पोचण्याचा पत्ता बदलला, तर राउटिंग पुन्हा पाहिले जाते.

लिनक्सच्याच पुढच्या एनएफटेबल्स या गाळणीमध्ये (कर्नल ३.१३, २०१४) थांबे तेच, एकाच थांब्यावरचा अग्रक्रम आकड्याने ठरतो (डीएनएटी −१००, फिल्टर ०, लहान आकडा आधी). ओपनबीएसडी या युनिक्स वळणाच्या सिस्टिमच्या पीएफ या गाळणीमध्ये (२००१) जुळणारा शेवटचा नियम चालतो, ‘क्विक’ हा शब्द जोडलेला नियम जुळल्यास मात्र तोच अंतिम. विंडोजमध्ये व्हिस्टापासून हे काम विंडोज फिल्टरिंग प्लॅटफॉर्मकडे आहे.