तीन बोटं तोंडात जातात का बघा

आमच्या स्टँडजवळच्या पानठेल्यावर सकाळी सातला गेलं तरी प्लास्टिकच्या पन्नीत घोटणं चालूच असते. सुपारी, तंबाखू, चुना, बस्स, चांगलं घोटून झालं की तो खर्रा दिवसभर गालात. माझा चुलतभाऊ पंधराव्या वर्षापासून खायचा. मागच्या पोळ्याला पाटवडीचा रस्सा तोंडात घेतला अन् त्याच्या डोळ्यात पाणीच आलं, म्हणे आजकाल तिखट सोसतच नाही. काकू म्हणाली पित्त झालं असंल. मी म्हटलं आ कर, तर दोन बोटं पण मुश्किलीनं गेली, साध्या माणसाची तीन जातात.

हा कॅन्सर नाही, पण पुढं कॅन्सर होऊ शकतो अशी अवस्था आहे, डॉक्टर सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारीतल्या अरेकोलिन नावाच्या रसायनामुळे गालाच्या आतल्या कातडीखाली कोलॅजनचे धागे साचत जातात, गाल आतून पांढरट, कडक होतो, तोंड उघडत नाही. त्यामुळं "मी तंबाखू सोडला, नुसती सुपारी खातो" म्हणणाऱ्यांनी पण ऐका, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ च्या अहवालात नुसत्या सुपारीलाही कॅन्सर करणारी म्हटलंय. वर तंबाखू असला की त्यातली नायट्रोसामाइन्स नावाची रसायनं पेशीच्या डीएनएचीच खराबी करतात, मग पेशी कोणाचं ऐकत नाही, वाढतच राहते.

खर्रा जिथं दाबून ठेवता तिथं आरशात बघा. पुसला तरी न जाणारा पांढरा चट्टा, लाल असला तर जास्तच भीतीचा, दोन-तीन आठवड्यात न भरलेला छाला, मानेत गाठ. सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही अन् इथंच आपले लोक फसतात, दुखलं की जाऊ म्हणतात.

चट्ट्याचा तुकडा काढून तपासला की कॅन्सर पसरते हे गावात सगळेच सांगतात, ते खोटं आहे, तपासल्याशिवाय कळणारच नाही. लवकर सापडला तर बऱ्याचदा ऑपरेशनवर भागते, उशीर झाला की जबडा काढणं, शेक म्हणजे रेडिएशन, किमो सगळंच. नागपूरचं तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, सेवाग्रामचा दवाखाना आहे, सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत कॅन्सरचा उपचारही बसतो, रेशन कार्ड घेऊन जा.

भावानं खर्रा सोडला. कडक झालेला गाल पहिल्यासारखा होत नाही, पण तोंडाचे व्यायाम करून तो आता अडीच बोटांवर आलाय, अन् दर तीन महिन्याला दाखवायला मीच नेतो.