नागपूरच्या खालून गेलेली रेघ

नागपुरातल्या मुलांना चक्रीवादळ शिकवताना पहिली अडचण समुद्राचीच येते. बंगालचा उपसागर इथून पाचशे किलोमीटरहून लांब, अरबी समुद्र त्याहूनही दूर. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांनी समुद्र पाहिलेलाच नाही. पुस्तकात कमी दाब, वाफ आणि वादळाचा डोळा दाखवणारी एक आकृती असते. मुलं ती पाठ करतात, पेपरात काढतात आणि विसरतात. म्हणून आता मी नववीच्या मुलांच्या हाती आकृतीच्या आधी आकडे देते.

जगभरातल्या चक्रीवादळांच्या नोंदी अमेरिकेच्या 'नोआ' या सरकारी संस्थेने 'आयबीट्रॅक्स' नावाच्या संग्रहात एकत्र केल्या आहेत. कुणालाही त्या फुकट उतरवून घेता येतात. एकेका ओळीत वादळाचं नाव, वेळ, अक्षांश, रेखांश, वाऱ्याचा वेग. दर तीन तासांनी एक ओळ. 1980 नंतरची फाइल आम्ही घेतली आणि क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये टाकली. (शीर्षकाखालच्या ओळीत एककं असतात, ती आधी काढून टाकावी, नाहीतर अक्षांशाचे आकडे सॉफ्टवेअरला मजकूर वाटतात.) क्षणात नकाशाभर रेघांचं जाळं पसरलं.

मी मुलांना विचारलं, रेघा कुठे नाहीत? माझ्या मते खरा धडा इथे सुरू होतो. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण पाच अंशांचा पट्टा जवळजवळ कोरा. तिथलं पाणी तर भरपूर तापलेलं! पण पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला जो वळसा मिळतो, तो विषुववृत्ताजवळ इतका क्षीण असतो की वादळाला गिरकीच घेता येत नाही. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला समुद्र रिकामा, कारण तिथे थंड प्रवाह वाहतो आणि वादळाला समुद्राच्या पाण्याची साधारण 26 अंश सेल्सिअसहून अधिक ऊब लागते. दक्षिण अटलांटिकही ओस, पण ब्राझीलच्या किनाऱ्याला लागून एक एकटी रेघ. ते 2004 च्या मार्चमधलं 'कॅटरिना'. 2005 साली न्यू ऑर्लिन्स बुडवणारं कतरिना वेगळं. मुलांचा तिथे हमखास गोंधळ होतो.

मग महिन्यांचा आलेख. ताशी 63 किलोमीटरच्या वरचे वारे असलेली वादळं तेवढी ठेवली आणि महिन्यावार स्तंभ काढले. आपल्या समुद्रांच्या आलेखाला दोन शेंडे आले, एक मेच्या आसपास, दुसरा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मध्ये जुलै-ऑगस्टची खोल दरी. एका मुलाला ते पटेचना. "मॅडम, जुलै-ऑगस्टमध्ये तं आपल्याकडे सगळ्यात जास्त पाऊस, मग वादळ काऊन नाही?"

याचं उत्तर वर आकाशात आहे. मॉन्सूनमध्ये खालचे वारे पश्चिमेकडून येतात, तर चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून जोरदार झोत वाहतो. चक्रीवादळ म्हणजे ढगांची सरळ उभी उतरंड. खालची मडकी एकीकडे आणि वरची दुसरीकडे ओढली, तर ती उभी कशी राहील? त्या महिन्यांत समुद्रावर तयार होतात ती कमी दाबाची क्षेत्रं. ती लवकरच जमिनीवर येतात आणि विदर्भाला पाऊस देऊन जातात.

तुलनेला अटलांटिकची हरिकेन घ्यायची होती. वादळ तेच, समुद्राप्रमाणे नाव निराळं. पण आलेखात अटलांटिकच नव्हता! शोधता शोधता कळलं की फाइलमध्ये उत्तर अटलांटिकची खूण 'एनए' अशी आहे, आणि तक्ते वाचणारे काही प्रोग्रॅम 'एनए' दिसलं की 'माहिती उपलब्ध नाही' असं समजून ती जागा रिकामी करतात. ते दुरुस्त केल्यावर एकच उंच शेंडा उगवला, सप्टेंबरमध्ये. कुणी तयार आलेख दिला असता तर हे मुलांना कधीच भेटलं नसतं. चित्र सुबक दिसलं तरी मागच्या ओळी मोजायच्या, ही सवय त्या दिवशी लागली. म्हणूनच 1891 पासूनची जुनी नोंद उघडल्यावर "वादळं वाढली" असं कुणी लगेच म्हणालं नाही. उपग्रह येण्याआधी, जहाजांच्या वाटेपासून दूर भर समुद्रात विरलेलं वादळ नोंदवणार कोण?

शेवटी एका मुलीने नागपूरभोवती वर्तुळ काढलं आणि जवळून गेलेल्या रेघा तपासायला बसली. मध्येच ओरडली, "मॅडम, ही लाइन तं आपल्या खालूनच जाऊन राह्यली!" ते 'गुलाब' चक्रीवादळ होतं. 26 सप्टेंबर 2021 ला आंध्रात कलिंगपट्टणमजवळ ते किनाऱ्याला लागलं. त्याचे अवशेष तेलंगणा, मराठवाडा, विदर्भाची कड असे सरकत थेट अरबी समुद्रात उतरले, तिथे पुन्हा बळ धरून 'शाहीन' झाले आणि ओमानवर धडकले. वाटेत यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ पुरात एसटी बस वाहून गेली, माणसं गेली.

त्या दिवसांच्या ओळींत वाऱ्याचा वेग अगदी मामुली आहे. तिने दोनदा वरखाली पाहिलं आणि विचारलं, "यात पावसाचा रकाना कुठे आहे?"

तो नाहीच. पावसाचे रोजचे आकडे भारतीय हवामान विभागाकडे मिळतात, 1901 पासूनचे, पाव-पाव अंशाच्या चौकटींत. पुढच्या तासाला 28 सप्टेंबर 2021 चा पाऊस आम्ही त्या रेघेखाली अंथरणार आहोत.