इंटरनेट नसताना लायसन्स: कुलपाचा प्रवास

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या एखाद्या डीटीपीच्या दुकानात तुमचं जाणं-येणं असेल, तर कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टात बसवलेली काडेपेटीएवढी डबी आठवेल. प्रिंटरची केबल त्या डबीच्या पाठीला जोडलेली असे. तिला सगळे 'लॉक' म्हणत. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर अशाच लॉकवर चाले, टॅलीही चाले. डबी जागेवर नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नसे. मी काम शिकलो त्या दुकानाचे मालक रात्री शटर ओढण्याआधी लॉक काढून खिशात टाकत. कारण लॉक हरवलं की विकत घेतलेलं सॉफ्टवेअर गेल्यात जमा. पण इंटरनेट आहे की नाही, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडलाच नाही. विकत घेतल्याचा पुरावा आपल्याच खिशात होता.

या लॉकवर लोक चिडलेही होते. 1986 मध्ये ऑटोकॅड या नकाशे-आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरला लॉक आलं, तेव्हा अमेरिकेतल्या ग्राहकांनी इतका आरडाओरडा केला की कंपनीला त्याच वर्षी तिथलं लॉक मागे घ्यावं लागलं. अमेरिकेबाहेरच्या प्रतींवर मात्र ते पुढेही राहिलं.

1988 मध्ये फ्लेक्स-एलएम ही लायसन्स सांभाळणारी प्रणाली आली आणि पुरावा डबीतून फाइलमध्ये गेला. आज कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा डिझाइन ऑफिसात दिसणाऱ्या लायसन्स फायलींचं मूळ बहुतेकदा तिथेच सापडतं. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघाच. सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती, मुदत, किती जणांनी वापरायचं तो आकडा आणि शेवटी अक्षर-अंकांची लांबलचक सही. मुदतीच्या तारखेतला एक आकडा बदला, सही जुळत नाही आणि फाइल निकामी होते. लायसन्स वाटणाऱ्या सर्व्हरचं नाव आणि त्याचा पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचा क्रमांक, तेवढे बदलता येतात. फाइल कोणत्या मशीनची, हे सहसा नेटवर्क कार्डाच्या 12 अक्षरी पत्त्यावरून, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसवरून ठरतं.

ऑफलाइन मशीन लावताना सगळ्यात जास्त डोकेदुखी इथेच होते, म्हणून जरा थांबून सांगतो. लायसन्स मागवताना मी एकदा यूएसबीला जोडलेल्या लॅन अडॅप्टरचा पत्ता पाठवला. ऑफिसात सगळं सुरळीत चाललं. साइटवर अडॅप्टर नेला नव्हता. तिथे सॉफ्टवेअर उघडेना. लिनक्सवाल्यांना तर 2013 नंतर वेगळाच फटका बसला. नेटवर्क कार्डांची नावं नव्या पद्धतीने पडू लागली आणि 'ईटीएच-झीरो' हे जुनंच नाव शोधणारी सॉफ्टवेअरं अडून बसली. कार्ड तेच, पत्ता तोच, फक्त नाव वेगळं.

फ्लेक्स-एलएममध्येच 'बॉरो'ची, म्हणजे लायसन्स उसनं नेण्याची सोय होती, आणि ती मला फार समंजस वाटते. लायब्ररीतून पुस्तक न्यावं तसं सर्व्हरवरचं एक लायसन्स ठरावीक दिवसांसाठी लॅपटॉपवर घ्यायचं, बाहेरगावी काम करायचं आणि आल्यावर परत करायचं. तेवढे दिवस सर्व्हरवर एक लायसन्स कमी.

सामान्य माणसाला 'अ‍ॅक्टिव्हेशन', म्हणजे सॉफ्टवेअर कंपनीकडून चालू करून घेणं, हा शब्द कळला तो 2001 मध्ये, विंडोज एक्सपीमुळे. इंटरनेट नसेल तर फोन लावायचा, स्क्रीनवरचे 50 आकडे सांगायचे, पलीकडून येणारे 42 आकडे उतरवून घ्यायचे. कंटाळवाणं होतं, पण साधा टेलिफोन पुरायचा आणि एकदा झालं की मशीनमध्ये मोठे फेरबदल होईपर्यंत कुणी विचारायला येत नसे. एक्सपीनंतरच्या व्हिस्टा विंडोजपासून मोठ्या संस्थांसाठी केएमएस ही अ‍ॅक्टिव्हेशनची सोय आली: संस्थेच्या आतलाच सर्व्हर, 180 दिवसांची मुदत. त्या काळात मशीनने सर्व्हरला एकदा तरी भेटायचं.

2013 मध्ये फोटोशॉपवाल्या अ‍ॅडोबीने नव्या आवृत्त्या फक्त क्रिएटिव्ह क्लाउडच्या वर्गणीवरच देण्याचं ठरवलं आणि खरेदीची जागा भाड्याने घेतली. वर्गणीवर घेतलेल्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसलाही साधारण 30 दिवसांत एकदा इंटरनेटवर हजेरी लावावी लागते. महिना-महिना नेट नसणाऱ्या गावातल्या माणसाने पैसे पूर्ण भरलेले असतात, तरी त्याचं काम अडतं. हा मला अन्याय वाटतो.

अजूनही बऱ्याच तांत्रिक सॉफ्टवेअरांमध्ये ऑफलाइन मार्ग ठेवलेला असतो. ऑफलाइन मशीनवर विनंतीची फाइल तयार करायची, पेन ड्राइव्हवर घेऊन नेट असलेल्या मशीनवरून पाठवायची, उत्तराची फाइल परत आणून बसवायची. त्याआधी मशीनची तारीख तपासा. घड्याळ मागे गेलेलं दिसलं तर बरीच लायसन्सं नकार देतात. आणि साइटवर निघायच्या आदल्या दिवशी, अडॅप्टर काढून, वायफाय बंद करून सॉफ्टवेअर एकदा उघडून बघा.