कूर्सवरचा बहिष्कार : वागणुकीचा की देणग्यांचा?

एप्रिल 2023 मध्ये बड लाइटने डिलन मल्वेनी या ट्रान्स इन्फ्लुएन्सरला घेऊन एक छोटी जाहिरात केली आणि अमेरिकेतल्या पुराणमतवादी ग्राहकांनी ही बिअर सोडली. त्यातले बरेच जण कूर्स लाइटकडे वळले. वास्तविक डेन्व्हरच्या प्राइड या समलिंगी-ट्रान्स समुदायाच्या सोहळ्याला याच कूर्स लाइटचं प्रायोजकत्व होतं. त्याच्याही आधीचा इतिहास आणखी उलटा आहे.

कूर्स ही कोलोरॅडोतल्या गोल्डन गावची, तेव्हा कूर्स घराण्याच्या ताब्यात असलेली बिअर कंपनी. 1970 च्या दशकात तिथे नोकरी हवी असेल तर लाय डिटेक्टरसमोर बसावं लागे, आणि त्यात लैंगिक आयुष्याबद्दलही विचारतात अशी कामगारांची तक्रार होती. तिकडे सॅन फ्रान्सिस्कोत टीमस्टर्स या ट्रकचालकांच्या युनियनचं बिअर वितरकांशी भांडण चालू होतं. युनियनने समलिंगी हक्कांसाठी लढणाऱ्या हार्वे मिल्कला गाठलं. त्याने रोखठोक सौदा केला: आमचे बार कूर्स ठेवणार नाहीत, तुम्ही समलिंगी ड्रायव्हरना कामावर घ्या. कॅस्ट्रो या शहरातल्या समलिंगी वस्तीच्या बारमधून कूर्स गेली. 1977 मध्ये गोल्डनच्या कारखान्यात संप झाला, एएफएल-सीआयओ या कामगार महासंघाने देशभर बहिष्कार पुकारला. संप मोडला, पुढच्या वर्षी युनियनही गेली. महासंघाचा बहिष्कार मात्र 1987 मध्ये तडजोड होईपर्यंत चालला.

इथवर मुद्दा कंपनी माणसांशी कशी वागते हा होता. पण घराण्यातल्या जोसेफ कूर्स यांनी 1973 मध्ये हेरिटेज फाउंडेशन ही पुराणमतवादी संस्था उभी करायला अडीच लाख डॉलर दिले होते, आणि घराण्याचा पैसा पुढेही उजव्या संस्थांकडे जात राहिला. 1995 मध्ये कंपनीने कर्मचाऱ्यांच्या समलिंगी जोडीदारांनाही आरोग्य विम्यासारखे लाभ लागू केले, तेव्हा अजूनही बहिष्कार पाळणाऱ्या समलिंगी ग्राहकांत फूट पडली. काहींच्या मते कंपनी सुधारली होती. काही म्हणत, नफा शेवटी त्याच घराच्या तिजोरीत जातो. मला दुसरा आक्षेप समजतो, पण तो धरून बसलं तर कंपनीला सुधारण्याचं कारणच उरत नाही.

त्याच वर्षी डिस्नेनेही असेच लाभ जाहीर केले. 1997 मध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या सुमारे दीड कोटी सदस्यांच्या चर्चसंघटनेने डिस्नेवर बहिष्काराचा ठराव केला. 2005 मध्ये तो मागे घेतला गेला. डिस्नेने धोरण बदललं नाही.

बड लाइटचं तसं झालं नाही. दोन दशकं अव्वल असलेली ही बिअर 2023 च्या उन्हाळ्यापर्यंत विक्रीत मॉडेलो या मेक्सिकन बिअरच्या मागे पडली. माझ्या मते यात श्रद्धेच्या तीव्रतेपेक्षा फ्रिजचा भाग मोठा: शेजारच्याच कप्प्यात जवळपास त्याच चवीची, त्याच किमतीची बाटली होती. मिकी माउसला तसा शेजारी नव्हता. बड लाइटच्या घाबरलेल्या कंपनीने मल्वेनीची बाजूही धड घेतली नाही, तेव्हा शिकागोतल्या काही समलिंगी बारनी तिच्या बिअर विकणं थांबवलं.